चरबी फिरू दे, रेंगाळू देऊ नकोस

स्नेहू, तुझा रिपोर्ट पाहिला. एकूण कोलेस्टेरॉल २३२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३८, एलडीएल १५२, व्हीएलडीएल ४२. सगळे आकडे ठळक अक्षरांत, आणि खाली तुझा मेसेज : ‘ताई, आजपासून तूप, अंडी, शेंगदाणे सगळं बंद.’ अगं, थांब जरा. अशी भीतीपोटी एकेक वस्तू ताटातून काढू लागलीस, तर आठ दिवसांत कंटाळशील आणि नवव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं सुरू होईल. त्यापेक्षा तुझ्या रक्तात नेमकं काय चाललंय ते समजून घे. ते एकदा कळलं, की काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

पहिली गोष्ट, कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. तुझ्या अंगातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं आणि त्या आवरणाला हवा तेवढा घट्टपणा देतं. तुझी पाळी ज्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या तालावर चालते, ती दोन्ही संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासून बनतात. जेवणातलं तेल-तूप पचवणारं पित्तही यकृत त्याच्यापासूनच तयार करतं. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो आणि मेंदू तो रक्तातून उसना न घेता स्वतःच बनवतो. इतक्या गरजेची वस्तू शरीर आपल्या ताटाच्या भरवशावर कशी सोडेल? म्हणून बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर घरीच तयार करतं. अन्नातून येतं ते त्या मानाने थोडं. ट्रायग्लिसराइडचंही तसंच. ती आपली साठवणीची चरबी, उपाशी वेळी जाळायचं इंधन.

अडचण आहे ती वाहतुकीची. रक्त म्हणजे मुख्यतः पाणी, आणि चरबी पाण्यात विरघळत नाही. तिचे थेंब मोकळेच सोडले तर ते एकमेकांना धरून मोठे होतील आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतील. म्हणून शरीर चरबी बांधून पाठवतं. आईच्या हातचा उकडीचा मोदक डोळ्यांसमोर आण. बाहेर पातळ पारी, आत सारण. चरबीची बांधणीही तशीच असते. बाहेरची पारी फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंची. त्या रेणूंचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं चरबीशी. आतलं सारण ट्रायग्लिसराइडचं आणि कोलेस्टेरॉलचं. पारीत ठिकठिकाणी प्रथिनं रुतलेली असतात आणि हा कण कुठे थांबायचा, कुणी उचलायचा, हे ती प्रथिनं ठरवतात. या सगळ्या कणांना मिळून लायपोप्रोटीन म्हणतात. तुझ्या रिपोर्टवरचं एलडीएल, एचडीएल, व्हीएलडीएल ही सगळी याच कुळातली.

त्यांचा शोध लागायलाही वेळ गेला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मिशेल माशबफ यांनी १९२९ मध्ये घोड्याच्या रक्तातून चरबी आणि प्रथिनांची अशी जोडबांधणी वेगळी काढून दाखवली. पुढे वीस वर्षांनी कॅलिफोर्नियात बर्कलीला जॉन गॉफमन यांनी प्रचंड वेगाने फिरणाऱ्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये रक्त घालून हे कण एकमेकांपासून वेगळे केले. ज्यात चरबी जास्त तो कण हलका, ज्यात प्रथिन जास्त तो जड. कमी घनतेचे आणि जास्त घनतेचे अशी वर्गवारी तेव्हापासून रूढ झाली.

आता तू रविवारी दुपारी मटण-भाकरी जेवलीस, की पुढे काय होतं ते बघ. पित्ताच्या मदतीने चरबी पचते, लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ती शोषून घेतात आणि तिथेच तिचे भलेमोठे कण बांधतात. त्यांचं नाव कायलोमायक्रॉन. आकाराने ते इतके मोठे, की आतड्यातल्या रक्ताच्या केशवाहिन्यांत शिरू शकत नाहीत. म्हणून ते लसिकेच्या वाटेने जातात, पोटातून छातीत वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत उतरतात. १६२२ मध्ये गास्पारे आसेल्ली या इटालियन वैद्याला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात दुधासारख्या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या होत्या. त्या याच. मी लॅबमध्ये हे रोज पाहते. भरपेट जेवून तीन-चार तासांनी रक्त दिलेलं असलं, की सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळीत वरचं सिरम पिवळसर नितळ न दिसता गढूळ, दुधाळ दिसतं. ते कायलोमायक्रॉनमुळे. निरोगी माणसात काही तासांनी तेच सिरम पुन्हा स्वच्छ होतं. जेवणानंतर रक्तात चरबी येणं हा आजार नाही गं, ती यायलाच हवी. ती वेळेवर खाली उतरते की नाही, एवढाच प्रश्न.

उतरवून घ्यायचं काम करतं एक विकर, लायपोप्रोटीन लायपेज. ते स्नायूंतल्या आणि चरबीच्या पेशींभोवतालच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर बसलेलं असतं. कायलोमायक्रॉन शेजारून जाऊ लागला, की ते त्याच्यातलं ट्रायग्लिसराइड फोडून आत ओढून घेतं. स्नायू ते जाळतात, चरबीच्या पेशी साठवतात. आपल्या बायकांच्या शरीराची एक सुंदर गोष्ट यात आहे. बाळाला अंगावर पाजत असतो तेव्हा स्तनांमध्ये या विकराचं काम पुष्कळ वाढतं, आणि आईने खाल्लेली चरबी थेट बाळाच्या दुधाकडे वळते. तू ओवीला पाजत होतीस तेव्हा तुझ्या शरीराने हेच केलं. आता ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की चालणाऱ्या, जिना चढणाऱ्या, वजन उचलणाऱ्या स्नायूंत हे विकर जोमात असतं आणि तासन्‌तास बसून राहिलं की मंदावतं. आज अर्धा-पाऊण तास भरभर चाललीस, तर उद्याच्या जेवणानंतर रक्तात चढणारी चरबीही कमी राहते. म्हणून तुला चालायला सांगते आहे. वजन उतरो न उतरो, चालण्याचा हा फायदा तुझा आहेच.

सारण रितं झालं, की कायलोमायक्रॉनचा उरलासुरला कण यकृत उचलून घेतं. इथवर बाहेरून आलेल्या चरबीची गोष्ट झाली. दुसरी गोष्ट यकृतातून सुरू होते, आणि तुझ्या रिपोर्टचा उलगडा तिथे आहे.

यकृत स्वतःही चरबी बनवतं. कशापासून? तेलातुपापासूनच असं तुला वाटत असेल. पण जास्तीची साखर आणि जास्तीचा पिठूळ आहारही यकृतात चरबीत बदलतो. ही चरबी तिथे साठून राहू नये म्हणून यकृत ती कणांत भरून बाहेर पाठवतं. तो व्हीएलडीएल. त्याच्या सारणात मुख्यतः ट्रायग्लिसराइड असतं. तुझं ट्रायग्लिसराइड २१० आहे, ते १५० च्या आत हवं. आता तुझा दिवस आठव. सकाळचा चहा, अकराचा चहा, चारचा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि सोबत बिस्किटं. रात्री उशिरा भात. गुरुवारी आणि चतुर्थीला उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. यात तूप फारसं कुठेच नाही, तरी तुझं यकृत दिवसभर चरबी बांधून पाठवतंय. नुसतं तूप बंद करून हा आकडा उतरायचा नाही, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल.

व्हीएलडीएल शरीरभर फिरताना त्याच्यातलंही ट्रायग्लिसराइड ठिकठिकाणी उतरत जातं. कण लहान होत जातो आणि उरलेल्या सारणात कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढत जातं. काही कण यकृत वाटेतच परत घेतं. बाकीच्यांचा शेवटी एलडीएल होतो. म्हणजे एलडीएल कुठून बाहेरून आलेला शत्रू नाही. तो आपल्याच व्हीएलडीएलचं उत्तररूप. पेशींना कोलेस्टेरॉल पोचवायचं काम तो करतो. त्याच्या पारीत ॲपो-बी नावाचं एक मोठं प्रथिन असतं, एका कणात एकच. पेशींच्या पृष्ठभागावर, विशेषतः यकृताच्या पेशींवर, या ॲपो-बीला ओळखून धरणारे ग्राही असतात. ग्राही एलडीएलला धरतो, पेशीच्या आत नेतो, तिथे सोडतो आणि दहा-एक मिनिटांत पुन्हा वर येऊन पुढच्या कणासाठी तयार होतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी १९७० च्या दशकात हे शोधून काढलं आणि १९८५ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आता नीट लक्ष दे, कारण माझं सगळं सांगणं या एका मुद्द्यावर उभं आहे. एलडीएलचा कण रक्तात साधारण दोन-तीन दिवस असतो. यकृतावर ग्राही भरपूर असतील तर तो लवकर उचलला जातो. ग्राही कमी पडले तर तो जास्त दिवस फिरत राहतो, तोवर मागून नवे कण येतच असतात आणि रक्तातली गर्दी वाढते. हे कण इतके बारीक असतात, की धमनीच्या अस्तरातून आत शिरू शकतात. बरेचसे बाहेरही येतात. पण जितके जास्त कण आणि जितका जास्त काळ, तितके आत अडकून राहणारे जास्त. अडकलेल्या कणांना गिळायला पांढऱ्या पेशी धावून येतात, गिळून गिळून चरबीने फुगतात आणि तिथेच मरतात. त्यातून धमनीच्या भिंतीत थर साठू लागतो. हे एका रात्रीत किंवा एका दिवाळीच्या फराळाने होत नाही. वीस-तीस वर्षं चालतं, आणि बहुतेकदा मुळीच दुखत नाही. चरबी फिरते म्हणून धमनी बिघडत नाही, स्नेहू. ती रेंगाळते म्हणून बिघडते.

हे किती खरं आहे ते एका लहान मुलीच्या आयुष्यावरून कळलं. टेक्सासमधली स्टॉर्मी जोन्स. आईवडील दोघांकडूनही तिला एलडीएलच्या ग्राहींचा दोष आला होता. कोलेस्टेरॉल हजाराच्या आसपास, आणि अगदी लहान वयातच हृदयविकार. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी पिट्सबर्गमध्ये डॉ. थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात हृदय आणि यकृत दोन्हीचं एकदम रोपण केलं. नव्या यकृतावर चांगले ग्राही होते. तिचं एलडीएल जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी उतरलं. हा बदल नव्या यकृताने केला. पुढे १९९० मध्ये ती गेली, पण एलडीएल रक्तातून उचलण्याची खरी ताकद यकृतात असते, हे तिच्यामुळे जगापुढे स्पष्ट झालं.

मग यकृतावरचे ग्राही कमी कशाने होतात? एक, अनुवंशाने. तो सौम्य दोष, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो. त्यांचं एलडीएल तरुणपणापासूनच बहुधा १९० च्या वर असतं. तुझं तसं दिसत नाही. दोन, संपृक्त चरबीने. तूप, लोणी, साय, खोबरेल, पामतेल, मटणाची चरबी यांच्या अतिरेकाने यकृत ग्राही कमी बनवतं. तीन, थायरॉइड मंदावल्याने. चार, पाळी गेल्यावर. इस्ट्रोजेन ग्राही वाढवतं. ते ओसरलं, की पन्नाशीच्या आसपास बायकांचं एलडीएल चढू लागतं आणि हृदयाच्या बाबतीत आपल्याला मिळालेली सवलत संपत जाते. आईचा आकडा पन्नाशीनंतर एकाएकी का वाढला, तिच्या खाण्यात तर काही फरक नव्हता, असं तू मला विचारलं होतंस ना? त्याचं उत्तर हे.

आणि एचडीएल? तुझं ३८ आहे, बायकांचं ५० च्या वर असावं म्हणतात. एचडीएल यकृतात आणि आतड्यात तयार होतो, त्यात सारण अगदी कमी आणि प्रथिन जास्त. पेशींतलं, अगदी धमनीच्या भिंतीतल्या त्या फुगलेल्या पेशींतलंसुद्धा, जादा कोलेस्टेरॉल तो गोळा करतो आणि यकृताकडे परत पोचवतो. तिथून ते पित्तावाटे बाहेर पडतं. म्हणून त्याला सगळे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात. पण त्या आकड्याच्या मागे लागू नकोस. एचडीएल खूप वाढवणारं टॉर्सेट्रॅपिब नावाचं औषध आलं होतं. त्याने आकडा झकास वाढला, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले, म्हणून डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. कमी एचडीएल ही धोक्याची खूण आहे, पण नुसती खूण वाढवून धोका जात नाही.

तुझ्या बाबतीत ती खूण कशामुळे उमटली ते सांगते. रक्तात व्हीएलडीएलची गर्दी झाली, की तो आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएलला देतो आणि त्याच्याकडचं कोलेस्टेरॉल स्वतः घेतो. असा बदललेला एचडीएल लवकर खच्ची होतो आणि शरीरातून निघून जातो. म्हणून ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली अशी जोडी बहुधा एकत्रच दिसते. आपल्याकडे ती घरोघरी आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या माणसांचं रक्त तपासलं होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी आढळलं आणि जवळपास ३० टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त. एलडीएल जास्त असणारे त्या मानाने कमी, १२ टक्क्यांच्या आसपास होते.

‘पण ताई, मी तर बारीक आहे,’ असं म्हणशील. त्यावर विसंबू नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने लहान असतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नसते, हे त्यांनी मोजून दाखवलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली चरबी पोटात, आतड्यांभोवती, यकृतात लपून बसते, आणि तिथली चरबी यकृताला आणखी व्हीएलडीएल बनवायला लावते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेच्या घेराकडे बघ. आपल्याकडच्या बायकांसाठी तो ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं मानतात.

आता रिपोर्ट कसा वाचायचा ते शिकवते, म्हणजे पुढच्या वेळी घाबरणार नाहीस. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल आणि व्हीएलडीएल थेट मोजत नाहीत, गणित करून काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचने भागलं की व्हीएलडीएल. तुझे २१० भागिले ५ म्हणजे ४२. मग एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा केले की एलडीएल. २३२ वजा ३८ वजा ४२ म्हणजे १५२. १९७२ पासून वापरात असलेलं हे फ्रिडवाल्ड यांचं सूत्र. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही. त्याहून सोपा आणि तुझ्यासारखीला जास्त उपयोगी आकडा तू स्वतः काढू शकतेस. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा कर. तुझे आले १९४. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल त्यात येतं, एकट्या एलडीएलमधलं नाही. तो साधारण १३० च्या आत यायला हवा. हा आकडा उपाशीपोटीच काढायला हवा असं काही नाही. जेवल्यावरही तो फारसा हलत नाही. आणि एक, गरोदरपणी कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही चढतात, ते बाळाच्या वाढीसाठीच असतं. वहिनीला आता सातवा महिना आहे. तिला या तपासणीच्या नादी लावू नकोस.

ताटाकडे येऊ. साखर आधी कमी कर. ती तुझ्या ट्रायग्लिसराइडवर सर्वांत आधी दिसेल. बिस्किटं आणि फरसाण घरात आणूच नकोस, समोर दिसलं की खाल्लं जातं. रात्रीचा भात निम्मा कर आणि ज्वारीची भाकरी, वरण, उसळ वाढव. मटकी, चवळी, राजमा, मेथी, भेंडी, गवार, पेरू यांतल्या विरघळणाऱ्या तंतूंचं काम बघ किती छान आहे. ते आतड्यात पित्ताला धरतात आणि आपल्याबरोबर बाहेर घेऊन जातात. पित्त कमी पडलं की यकृताला ते नव्याने बनवावं लागतं, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागतं, म्हणून यकृत ग्राही वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल उचलतं. इसबगोल घेतल्याने एलडीएल थोडं उतरतं ते याच वाटेने.

तूप आणि अंड्याचं काय? भातावर चमचाभर तुपाने तुझं बिघडलेलं नाही. मात्र तूप, साय, बटर आणि बाहेरच्या वस्तूंतलं पामतेल यांची दिवसभराची बेरीज वाढू देऊ नकोस. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांत थोडाच असतो, कारण बाहेरून जास्त आलं की शरीर स्वतःचं उत्पादन कमी करतं. तू आठवड्यात तीन-चार अंडी खातेस, ती खा. शेंगदाणे मूठभर खायला काहीच हरकत नाही. त्यातली चरबी बहुतेक असंपृक्त आहे. जवसाची, कारळाची चटणी कर. बांगडा आणि तारली तुला आवडतात, त्या आठवड्यातून दोनदा आण. तळून नको, कालवणात कर. डालड्यातल्या ट्रान्स चरबीने एलडीएल वाढतं आणि एचडीएल उतरतं, दोन्हीकडून नुकसान. २०२२ पासून सरकारने ती दोन टक्क्यांच्या आत ठेवायला लावली आहे, पण एकाच कढईतलं तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या गाड्यावरच्या वड्याला तो नियम काय करणार? तळून उरलेलं तेल दुसऱ्यांदा तळणीला घेऊ नकोस. आणि पुड्यावर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ लिहिलं म्हणून जास्त पैसे देऊ नकोस. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, मग ते शेंगदाण्याचं असो की करडईचं. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, एवढं माप पाळ.

गोळीची भीती मनात असेल, तर तेही बोलून घेऊ. स्टॅटिन ही गोळी कशी काम करते ते ऐकलंस तर तुला पटेल. जपानमधले अकिरा एंडो यांनी सहा हजारांहून जास्त बुरशा आणि सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये त्यातल्या एका पेनिसिलियम बुरशीत असा पदार्थ सापडला, जो यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणं रोखतो. १९८७ मध्ये या वर्गातली पहिली गोळी अमेरिकेत बाजारात आली. यकृताला आतून कोलेस्टेरॉल कमी पडलं, की ते पृष्ठभागावर आणखी ग्राही पाठवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणजे गोळीही करते तेच, कणांना रेंगाळू देत नाही. काहींना तिने स्नायू दुखतात, साखर किंचित वाढू शकते. पण ज्यांना ती खरोखर हवी असते, त्यांना तिने जगवलं आहे. तुला लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील, ऑफिसमधली मैत्रीण नाही. आणि दुसऱ्या बाळाचा विचार तुझ्या मनात असेल, तर तो डॉक्टरांना आधीच सांग, कारण गरोदरपणात ही गोळी सहसा देत नाहीत.

बाबांना ५२ व्या वर्षी अँजिओप्लास्टी करावी लागली, हेही डॉक्टरांना नक्की सांग. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर आपला आकडा जास्त कडक नजरेने पाहतात. त्याच कारणाने लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घे. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा एलडीएलचाच एक भाऊ. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जन्मतः ठरलेलं असतं, पथ्याने फारसं हलत नाही. मग कशाला तपासायचं? तो जास्त निघाला, तर बाकी जे आपल्या हातात आहे ते अधिक नेटाने खाली आणायचं, एवढ्यासाठी.

तर उद्या सकाळी टीएसएच आणि एचबीए१सी देऊन ये. थायरॉइड मंद निघालं, तर त्याच्या उपचारानेच एलडीएल बरंच उतरू शकतं. दोन्ही रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा. त्यांनी सांगितलं, तर तीन महिने जेवण आणि चालणं सांभाळून पुन्हा लिपिड प्रोफाइल कर आणि नॉन-एचडीएल स्वतः काढून मला पाठव. अमोलचं बीपी, सासूबाईंची साखर, ओवीची लस, सगळ्यांच्या तारखा तुला पाठ असतात. तुझ्या नावाची फाइल मात्र घरात नाही. ती आज कर. धमनीत थर साठायला वर्षं लागतात, आणि म्हणूनच वेळ तुझ्या बाजूने आहे. छत्तिसाव्या वर्षी खाली आणलेला आकडा पुढची तीस वर्षं तुझ्या धमन्यांना सांभाळतो. साठाव्या वर्षी हेच करायला घेतलं, तर तोवर साठलेलं सगळंच काही मागे घेता येत नाही. म्हणून हे पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.